नागपूरचे अश्मीभूत शंख आणि गोड्या-खाऱ्या पाण्याचा प्रश्न

खुल्या समुद्रात हेटेरोपॉड गटातील पारदर्शक गोगलगायी आयुष्यभर पोहत असतात. सरपटण्याच्या पायाचे त्यांच्यात पोहण्याच्या पंखात रूपांतर झालेले असते. कॅरिनेरिया या प्रजातीत शंख टोपीएवढाच उरतो, तर प्रौढ टेरोट्रेकियात तो मुळीच नसतो. असे नाजूक जीव खडकात क्वचितच टिकतात. मात्र टिकले तर तेथे समुद्राचे पाणी होते, याची ती खूण ठरते. नागपूरच्या भूशास्त्रीय इतिहासातील मूळ प्रश्नही हाच होता: दक्खनच्या दोन लाव्हाथरांमध्ये गाडला गेलेला गाळ गोड्या पाण्यातला की खाऱ्या?

१८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी सीताबर्डीची टेकडी, टाकळी व आसपासचा प्रदेश पिंजून काढला. त्यांचा निबंध १८५५ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांच्या अनुमानाचा आधार होता एक साधा शंख. सोवर्बी यांनी १८४० मध्ये ‘फायसा प्रिन्सेपाय’ असे नाव दिलेला हा शंख डाव्या वळणाचा असून आजच्या फायसापेक्षा बराच मोठा आहे. फायसा ही फुप्फुसाने श्वास घेणारी, तळ्याडबक्यांत राहणारी गोगलगाय. म्हणून येथे सरोवर होते, समुद्र नव्हे, हा निष्कर्ष निघाला. १८६० च्या निबंधात हिस्लॉप यांनी राजमहेंद्रीकडील शंखांचेही वर्णन केले. तेथे मात्र खाडीच्या पाण्यातील जाती आढळल्या. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून त्यांचा मृत्यू झाला.

हे थर तृतीयक कालखंडातील आहेत, हे त्यांचे मत पुढे जसेच्या तसे टिकले नाही. आता दक्खनच्या मुख्य उद्रेकांचा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे क्रिटेशस युगाच्या अखेरीच्या आसपासचा, मानला जातो. पाण्याविषयीचा निष्कर्ष मात्र दीर्घकाळ अबाधित राहिला. त्याला अनपेक्षित पुरवणी मिळाली ती २००९ मध्ये. छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील अशाच एका गाळाच्या थरात गेर्टा केलर, सुनील बाजपेयी व सहकाऱ्यांना समुद्रात तरंगणाऱ्या एकपेशीय फोरॅमिनिफेरांचे जीवाश्म मिळाले. गोड्या व मचूळ पाण्यातील जीवही त्यांच्या सोबतीला होते. त्यावरून मध्य भारतापर्यंत पोहोचणाऱ्या सागरी मार्गाची कल्पना मांडली गेली. तथापि एका छेदातील पुराव्यावरून टाकळीचे सरोवर खारे ठरत नाही. फायसाचे शंख ज्या थरात आहेत, त्या थरापुरते हिस्लॉप-हंटर यांचे म्हणणे आजही ग्राह्य धरावे लागते.