भीषण चित्रे : देवळावरची आणि दुकानातली

नर्मदेच्या उत्तर तीरावर, हंडियाच्या समोर, देवास जिल्ह्यात नेमावर वसले आहे. तेथील परमारकालीन सिद्धनाथ मंदिराच्या बाह्यांगावर शिव आणि गणेश यांच्या सहवासात भैरव, यम आणि चामुंडा यांच्या मूर्ती आहेत. चामुंडा म्हणजे आपल्या मूर्तिशास्त्रातील भीषणतेची परिसीमाच : उघड्या पडलेल्या बरगड्या, खपाटीला गेलेले पोट, गळ्यात मुंडमाळा. तरीही यात्रेकरू तिच्यापुढून निःशंक मनाने जातो. कारण मंदिराच्या रचनेत तिचे स्थान ठरलेले असते.

हीच कवटी आणि हाच सांगाडा विसाव्या शतकात ध्वनिमुद्रिकांच्या वेष्टनांवर अवतरला. 'हेवी मेटल' या कर्कश संगीताचे गिऱ्हाईक गाणे ऐकण्यापूर्वीच दुकानात चित्र पाहत असे. तेव्हा वेष्टन हीच त्याची पहिली जाहिरात. 1970 साली 'ब्लॅक सॅबथ'च्या पहिल्या मुद्रिकेवर एका जुन्या पाणचक्कीपुढे काळ्या वस्त्रांतील एक स्त्री तेवढी उभी होती. पुढे असा संयम उरला नाही. 1980 पासून 'आयर्न मेडन'साठी डेरेक रिग्ज यांनी रेखाटलेला प्रेतवत् 'एडी' हा त्या वाद्यवृंदाचा छापच होऊन बसला.

2006 साली 'स्लेअर' या अमेरिकन वृंदाची 'ख्राइस्ट इल्युजन' ही मुद्रिका निघाली. लॅरी कॅरल यांच्या चित्रात हात तुटलेला, एक डोळा गेलेला ख्रिस्त रक्ताच्या सागरात उभा होता. कॅलिफोर्नियातील फुलरटन गावी बसथांब्यांच्या सतरा बाकांवरून तिच्या जाहिराती काढून टाकण्यात आल्या. मुंबईत कॅथलिक सेक्युलर फोरमने पोलीस आयुक्तांकडे गाऱ्हाणे नेले. ईएमआयच्या भारतीय शाखेने क्षमा मागितली, माल परत मागविला आणि ऑक्टोबरात तो नष्ट केला.

येथे रक्ताचा विटाळ कोणास वाटला असेल, असे मला वाटत नाही. गोव्यातील कित्येक चर्चांत क्रूसावरचा जखमी ख्रिस्त भाविक पिढ्यान् पिढ्या पाहत आले आहेत. त्या जखमांपुढे गुडघे टेकले जातात. या चित्रातील जखमांवर मात्र किंमत लिहिलेली होती, हे शल्य मला खरे वाटते. बसची वाट पाहणाऱ्यास तर जाहिरात पाहावी की नाही, हेही ठरविता येत नाही. तरीपण सारा माल नष्ट करणे हा उपाय अघोरी होता. परदेशी ज्या दुकानदारांना हे चित्र नको होते, त्यांच्यासाठी निराळे वेष्टन छापलेलेच होते. तेच मुंबईस मागविता आले असते.