कान किती खरं सांगतो?

पहिलीच्या वर्गात ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणणारं एखादं तरी मूल असतंच. ‘होईल हळूहळू’ असं म्हणून आपण पुढे जातो. पण वर्ष सरलं तरी ‘लाजा’च राहिला तर? तज्ज्ञांकडे पाठवलं आणि दोष नव्हताच, तर मुलावर उगाच शिक्का बसतो. नाही पाठवलं, तर उपचारांचा मोलाचा काळ हातचा जातो. तेव्हा मुलांचे उच्चार तपासण्याच्या पद्धती किती भरवशाच्या, हे बघायला हवं. या पद्धतींचा बराचसा इतिहास अमेरिकेत, इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर घडला.

तिथे कोणता ध्वनी कोणत्या वयात यावा याची कोष्टकं तयार झाली. १९३१ मध्ये वेलमन आणि सहकाऱ्यांनी २०४ मुलं तपासून ‘स’साठी ५ वर्षं हे वय दिलं. १९३४ मध्ये आयरीन पूल यांनी साडेसात वर्षं दिलं. १९५७ मध्ये मिल्ड्रेड टेंप्लिन यांनी ४८० मुलांच्या पाहणीतून साडेचार! एकच भाषा, एकच ध्वनी आणि फरक तीन वर्षांचा. मुलं काही एवढी बदलली नव्हती. बदलली होती मुख्यतः मोजपट्टी. वेलमन आणि टेंप्लिन यांना त्या वयाच्या पाऊण मुलांना ध्वनी जमला की पुरे होतं. पूल यांना सगळ्यांना जमायला हवा होता. शिवाय पूल यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. साडेपाचच्या सुमारास आलेला ‘स’ दात पडू लागले की बिघडतो आणि नंतर पुन्हा येतो. पहिली-दुसरीच्या शिक्षकांना हे वेगळं सांगायला नकोच.

१९७२ मध्ये एरिक सँडर यांनी सुचवलं, की एकच वय न देता पट्टा द्यावा : निम्म्या मुलांना जमतं ते वय आणि ९० टक्के मुलांना जमतं ते वय. ‘स’चा पट्टा निघाला ३ ते ८ वर्षं.

पण हे सगळं मोजलं कशानं? माणसाच्या कानानं. म्हणून दोन तपासनीसांना एकच मूल ऐकवून त्यांचं किती जुळतं, हे पाहायची रीत पडली. त्यातही एक मेख आहे. समजा, दोघंही न ऐकताच दहातले नऊ शब्द ‘बरोबर’ ठरवतात. तरी केवळ योगायोगानं त्यांचं ८२ टक्के जुळेल! (०.९ × ०.९ अधिक ०.१ × ०.१, गणिताच्या शिक्षकांनी ताडून पाहावं.) हा योगायोग वजा करणारं ‘कप्पा’ हे माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये दिलं.

१९८२ मध्ये श्रिबर्ग आणि क्वियाटकोव्स्की यांनी प्रश्नच सोपा केला. मुलाशी गप्पा मारा, त्या ध्वनिमुद्रित करा आणि शेकडा किती व्यंजनं बरोबर ते मोजा. ८५ च्या वर सौम्य, ५० च्या खाली तीव्र. तपासनीसानं फक्त बरोबर की चूक एवढंच ठरवायचं. १९९१ मध्ये श्रिबर्ग आणि लॉफ यांनी दाखवलं, की ढोबळ नोंदींत तपासनीसांचं बरंच जुळतं. बारीक छटा लिहायला लागलं की जुळणं घसरतं. आमच्या मते ही पंचाईत खरीच आहे, कारण उपचारांना नेमक्या त्या छटाच लागतात.

आणि दोघांचं जुळलं म्हणजे ते खरं, असंही नाही. १९७० मध्ये रिचर्ड वॉरन यांनी एका इंग्रजी वाक्यातला ‘स’ कापून तिथे खोकला घातला. ऐकणाऱ्यांना ‘स’ ऐकू आलाच! कान अपेक्षित ते भरून काढतो. उलटही घडतं. १९८० मध्ये मॅकन आणि बार्टन यांनी लहान मुलांच्या उच्चारांतला स्वरतंतूंच्या कंपनाचा वेळ यंत्रानं मोजला. मोठ्यांना जे दोन ध्वनी एकच वाटत होते, त्यांत काही मुलं बारीक पण ठरावीक फरक करत होती. चूक मुलाची नव्हती, कानाची होती.

हाच कान आपल्या वर्गातही असतो. वऱ्हाडात ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतात. त्या घरातलं मूल ‘डोया’ म्हणालं, तर ते घरची भाषा चोख बोलतंय. पण पुण्याहून बदलून आलेल्या शिक्षकांच्या कानाला तो ‘ळ’ न येणारा मुलगा वाटेल, आणि तिथलेच दोन शिक्षक सोबत ऐकायला बसवले, तर त्यांचं ‘चूक’वर शंभर टक्के एकमत होईल.