श्रम, दारिद्र्य आणि जबाबदारी : मराठी ग्रंथांतील तीन भूमिकांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

माणूस दरिद्री का राहतो, या प्रश्नाला समाजात साधारणतः दोन उत्तरे दिली जातात. तो आळशी, अज्ञानी किंवा उधळ्या आहे म्हणून, हे पहिले उत्तर. समाजाची व राज्याची व्यवस्थाच त्याला वर येऊ देत नाही म्हणून, हे दुसरे. ही दोन्ही उत्तरे ग्रंथांनी घडविली आणि ग्रंथांनीच ती शिक्षितांच्या मनात रुजविली. सन १८४९ ते १९८७ या कालखंडातील काही निवडक मराठी ग्रंथांच्या व लेखनाच्या आधारे या उत्तरांचा प्रवास तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मराठी भाषकांनी इंग्रजीत केलेले अर्थशास्त्रीय लेखनही आवश्यक तेथे विचारात घेतले आहे.

या विषयावरील चर्चेत सामान्यतः ग्रंथाचा आशय पाहिला जातो. येथे आणखी एक बाब विचारात घेतली आहे. ग्रंथात गरीब माणसाचे स्थान कोणते, हा तो मुद्दा होय. तो केवळ चर्चेचा विषय आहे, की ग्रंथाचा श्रोता आहे, की स्वतःच लेखक आहे? या तीन स्थानांनुसार जबाबदारीची वाटणी कशी बदलत गेली, हे पाहणे उद्बोधक ठरते.

इंग्रजी अर्थशास्त्राचा मराठीतील प्रवेश

पुण्यात जन्मलेल्या गोपाळ हरी देशमुख तथा लोकहितवादी यांनी पेशवाईच्या अस्तानंतर तीन दशकांनी इंग्रजी ग्रंथाच्या आधारे ‘लक्ष्मीज्ञान’ (१८४९) हे अर्थशास्त्रावरील पुस्तक लिहिले. याच सुमारास, १८४८ ते १८५० या काळात, भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ पत्रातून त्यांची ‘शतपत्रे’ प्रसिद्ध होत होती. पाठोपाठ कृष्णशास्त्री चिपळूणकर यांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ (१८५५) आली. संपत्ती कशी निर्माण होते, श्रमाचे मोल कशावर ठरते, भांडवल म्हणजे काय, हे प्रश्न या लेखनामुळे मराठीत शास्त्रीय भाषेत मांडले जाऊ लागले.

या लेखनाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. भिक्षुकी व दक्षिणा यांना प्रतिष्ठा आणि हाताने काम करणाऱ्याला कमीपणा, अशी समाजाची रीत होती. लोकहितवादींनी त्या रीतीवर कठोर टीका केली. व्यापार, कलाकौशल्य आणि उद्योग यांकडे पाठ फिरविणाऱ्या स्वतःच्या वर्गाला त्यांनी जबाबदार धरले. आळसाचा आरोप त्यांनी प्रथम उच्चवर्णीयांवर केला, ही गोष्ट विसरता येत नाही.

तथापि, ज्या इंग्रजी अर्थशास्त्राचा हा अनुवाद होता, त्याची स्वतःची गृहीतके होती. माल्थसचा लोकसंख्येवरील ग्रंथ १७९८ चा. इंग्लंडमधील गरिबांविषयीचा सुधारित कायदा १८३४ चा. मदत दिली की माणूस आळशी होतो, म्हणून मदत शक्य तितकी अप्रिय करावी, हा त्या कायद्याचा गाभा होता. सॅम्युअल स्माइल्स यांचे स्वावलंबनावरील प्रसिद्ध पुस्तक १८५९ मध्ये निघाले. त्याने काटकसर व चिकाटी यांना यशाची गुरुकिल्ली ठरविले. या सर्व लेखनात श्रमिक हा अभ्यासाचा विषय होता. त्याच्याविषयी बोलणे होत होते, त्याच्याशी बोलणे होत नव्हते.

१८५५ : दुसरा आवाज

‘अर्थशास्त्रपरिभाषा’ ज्या वर्षी प्रसिद्ध झाली, त्याच वर्षी ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध छापला गेला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही त्याची लेखिका होती. एकाच शहरातील या दोन लेखनकृती शेजारी ठेवल्या की विचारांतील अंतर लक्षात येते.

मुक्ताच्या निबंधात दारिद्र्य ही आकाशातून पडलेली आपत्ती नाही, तसेच तो स्वभावदोषही नाही. जमिनीवरून हुसकावणे, विद्येची बंदी आणि राज्यकर्त्यांचे व धर्माचे पाठबळ असलेली अवहेलना यांतून ते घडले आहे. विशेष म्हणजे एवढे सांगून ती थांबत नाही. आपल्या जातबांधवांना ती विद्या घेण्याचे आवाहन करते. म्हणजे व्यवस्थेवरील आरोप आणि स्वतःचे कर्तव्य या दोन गोष्टी तिच्या लेखनात एकत्र नांदतात. वैयक्तिक जबाबदारीचा आग्रह धरणाऱ्याने व्यवस्थेविषयी मौन पाळलेच पाहिजे, हा समज एका शाळकरी मुलीने तेव्हाच खोटा ठरविला होता. मात्र शिक्षितांच्या मुख्य प्रवाहात हा आवाज दीर्घकाळ पोहोचला नाही.

दख्खनचे दंगे, दुष्काळ आणि जबाबदारीचा वाद

पुढील दोन दशकांत हा प्रश्न केवळ ग्रंथांपुरता राहिला नाही. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि कापसाचे चढे भाव कोसळले. त्यानंतर फेरपाहणीत जमीनमहसूल वाढला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यांनी १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांवर चाल केली. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या दंग्यांत सावकारांची कर्जखते जाळणे हा मुख्य कार्यक्रम होता.

शेतकरी कर्जबाजारी का झाला, यावर तेव्हा सर्वांत सोयीचे उत्तर होते : लग्नकार्यातील उधळपट्टी. सरकारने नेमलेल्या चौकशी आयोगाने मात्र लग्नखर्चाच्या कारणाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले गेल्याचे नमूद केले. पुढे १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा झाला. कर्जखताच्या मागील खरा व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयास मिळाला आणि कर्जापायी शेतकऱ्यास तुरुंगात टाकण्याची पद्धत बंद झाली. दोष केवळ ऋणकोच्या स्वभावात नसून कर्जव्यवहाराच्या रचनेतही आहे, याची ही कायदेशीर कबुली होती.

दंगे व कायदा यांच्या मधल्या काळात १८७६-७८ चा भीषण दुष्काळ पडला. रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील मजुरी माणशी एक पौंड धान्याची किंमत व वर थोडे पैसे, इतकी खाली आणण्यात आली. मदत आकर्षक होऊ नये, हाच त्यामागील विचार होता. मुंबई इलाख्यातील मजुरांनी १८७७ मध्ये मोठ्या संख्येने ही कामे सोडून निषेध केला. त्याच वर्षी सत्यशोधक समाजाने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम चालविला. एकीकडे भुकेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घेणारे धोरण आणि दुसरीकडे प्रथम मुलाला जेवू घालणारा उपक्रम, असे दोन विचार पुणे परिसरात एकाच वेळी कार्यरत होते.

‘शेतकऱ्याचा असूड’ : गरीब श्रोता होतो

या पार्श्वभूमीवर जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ हा ग्रंथ लिहिला. खडकवासला धरणासारख्या बांधकामांशी कंत्राटदार म्हणून त्यांचा संबंध आला होता. त्यामुळे मजुरी, हजेरी आणि कारकुनी यांचे व्यवहार त्यांनी जवळून पाहिले होते. ग्रंथाच्या उपोद्घातातील प्रसिद्ध पद्यात त्यांनी अविद्येपासून वित्तनाशापर्यंतची कारणपरंपरा मांडली आहे. तीत नीतीचे स्थान कोठे आहे, याकडे अभ्यासकांनी लक्ष दिले पाहिजे. नीतीचा ऱ्हास हे तेथे दारिद्र्याचे पहिले कारण नाही. तो स्वतःच विद्येच्या अभावाचा परिणाम आहे. गरीब माणूस अनीतिमान म्हणून गरीब झाला, या तर्काचा पायाच फुल्यांनी अशा रीतीने काढून घेतला.

वाढता सारा, स्थानिक करांचा बोजा, जंगलखात्याचे निर्बंध, कचेरीतील नाडवणूक आणि धर्मविधींच्या नावाने होणारा खर्च यांचा हिशेब पाच प्रकरणांच्या या ग्रंथात येतो. परंतु शेतकऱ्याला निर्दोष ठरवून ग्रंथ संपत नाही. अखेरच्या प्रकरणात उपाय सांगितले आहेत. लष्कर व पोलीस शिपायांच्या फावल्या वेळात बंधारे घालावेत, शेळ्यामेंढ्यांची पैदास सुधारावी, शेतीची प्रदर्शने भरवून उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत, या सूचना सरकारला आहेत. मुलांच्या शिक्षणाचा आणि विवेकी वर्तनाचा आग्रह शेतकऱ्यांना आहे.

या ग्रंथाच्या प्रसाराची पद्धतही आशयाइतकीच महत्त्वाची होय. त्याचे सुरुवातीचे भाग ‘दीनबंधू’त छापले गेले. पुढील भागांची छपाई संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी थांबविली. मात्र फुल्यांनी पुणे, मुंबई, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी तो वाचून दाखविला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनीही तो ऐकला. निरक्षर शेतकरी येथे प्रथमच आपल्या दारिद्र्याविषयीच्या ग्रंथाचा श्रोता झाला. श्रोत्यासमोर बसून त्याला केवळ आळशी म्हणता येत नाही, आणि त्याला काहीच करण्यासारखे नाही असेही सांगता येत नाही. जबाबदारीची न्याय्य वाटणी या प्रसंगातूनच घडली, असे म्हणता येईल.

फुल्यांच्या मांडणीला मर्यादा होत्याच. इंग्रज सरकारच्या न्यायबुद्धीवर त्यांनी ठेवलेला विश्वास पुढील इतिहासाने पुरतेपणी खरा ठरविला नाही. साम्राज्यामुळे होणाऱ्या संपत्तीच्या अपहाराचा विचार दादाभाई नौरोजींच्या लेखनात अधिक स्पष्टपणे आला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भारतीय अर्थशास्त्रावर दिलेल्या व्याख्यानात इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्वत्र सारखे लागू होत नाहीत, हे प्रतिपादन केले. अनुवादाने सुरू झालेला प्रवास अशा प्रकारे चिकित्सेपर्यंत पोहोचला.

आळस की बेकारी : विसावे शतक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९१८ मध्ये भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर शोधनिबंध लिहिला. शेतीवर विसंबलेले अतिरिक्त श्रम निरुद्योगी राहतात, कारण त्यांना सामावून घेणारे उद्योग नाहीत, असे त्यांनी दाखविले व औद्योगिकीकरणाचा उपाय सुचविला. ‘रिकामा बसणे’ या गोष्टीला त्यांनी नैतिक दोषाच्या कक्षेतून काढून आर्थिक वस्तुस्थितीच्या कक्षेत आणले. पुढे १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील ग्रंथात, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हा विचार त्यांनी मांडला. व्यवसाय निवडण्याचे स्वातंत्र्यच जेथे नाही, तेथे यशापयशाची पूर्ण जबाबदारी व्यक्तीवर कशी टाकणार?

वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून १९७१ मध्ये दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज २२५० उष्मांक हा निकष लावता १९६०-६१ मध्ये सुमारे ४० टक्के ग्रामीण व ५० टक्के नागरी जनता दारिद्र्यात होती, असा त्यांचा निष्कर्ष होता. सार्वजनिक कामांतून किमान वेतनाचा रोजगार देण्याची सूचना त्यांनी केली. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रात आकाराला आलेल्या रोजगार हमी योजनेचा कायदा १९७७ मध्ये संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. टेंपल यांच्या काळात काम ही गरिबाची परीक्षा होती. या कायद्याने काम हा त्याचा हक्क ठरला. शंभर वर्षांतील हे वैचारिक अंतर लहान नाही.

गरीब लेखक होतो

दया पवार यांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) व लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी तिसरी अवस्था पूर्ण केली. मुक्ता साळवेनंतर सव्वाशे वर्षांनी हा आवाज ग्रंथरूपाने मराठी वाङ्मयाच्या केंद्रस्थानी आला. ‘उपरा’ला १९८१ चा व ‘उचल्या’ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

‘उपरा’तील कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरते आणि अखंड राबते, तरीही दारिद्र्य हटत नाही. ‘उचल्या’त तर जन्मानेच गुन्हेगार मानल्या गेलेल्या समाजाचे जीवन आहे. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्याने मारलेला शिक्का पोलीसठाण्यात आणि गावकऱ्यांच्या मनात टिकून राहिला. ज्याला कोणी कामावरच ठेवत नाही, त्याला ‘कष्ट कर’ असा उपदेश करण्यातील विसंगती या ग्रंथांनी उघड केली. त्याच वेळी हे दोन्ही लेखक शिकले, संघटनेत उतरले आणि आपल्या समाजातील दोषांविषयीही निःसंकोच लिहिते झाले. व्यवस्थेची चिकित्सा आणि आत्मपरीक्षण यांचा हा मेळ थेट १८५५ च्या निबंधाशी नाते सांगतो.

समारोप

वाघोली परिसरात काम करणाऱ्या अध्यापकाला हा विषय केवळ ग्रंथालयातील वाटत नाही. येथील दगडखाणींनी पुण्याच्या इमारतींना व रस्त्यांना खडी पुरविली. त्या खाणींवरील मजुरांच्या मुलांसाठी १९९० च्या दशकात ‘पाषाण शाळा’ सुरू कराव्या लागल्या. २०२१ मध्ये वाघोली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. आज याच भागात उंच गृहसंकुले, अभियांत्रिकी व व्यवस्थापनाची महाविद्यालये आणि मजुरांच्या वस्त्या शेजारीशेजारी आहेत. दगड फोडणाऱ्या माणसाच्या दारिद्र्याचे कारण त्याचा आळस आहे, असे येथे उघड्या डोळ्यांनी कोणी म्हणू शकणार नाही.

तरीही आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती ‘रिच डॅड पुअर डॅड’ किंवा ‘यश तुमच्या हातात’ यांसारखी पुस्तके अधिक सहजतेने येतात. ती वाचू नयेत, असे येथे सुचवायचे नाही. आत्मविश्वास, शिस्त आणि काटकसर यांची गरज गरीब घरातील विद्यार्थ्याला इतरांपेक्षा कमी नसते. परंतु केवळ हीच पुस्तके वाचणारा विद्यार्थी अपयश आल्यास सर्व दोष स्वतःकडे घेतो. त्याहून गंभीर म्हणजे, यश मिळाल्यास आपल्या मजूर आईवडिलांच्या दारिद्र्याचा दोष तो त्यांच्याच माथी मारतो. अध्यापकाला याची चिंता वाटली पाहिजे.

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतात. पहिला, गरीब माणूस जेव्हा ग्रंथाचा केवळ विषय असतो, तेव्हा दारिद्र्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलणे सोपे जाते. दुसरा, तो श्रोता वा लेखक झाला की जबाबदारी व्यक्ती, समाज व राज्य यांच्यात विभागली जाते. तिसरा, मराठीतील परिवर्तनवादी परंपरेने वैयक्तिक कर्तव्य कधीही नाकारलेले नाही. विद्या घेणे, संघटित होणे आणि स्वतःचे दोष तपासणे हे तिने आवर्जून सांगितले. तिचे म्हणणे एवढेच आहे, की ज्याच्याकडून कर्तव्याची अपेक्षा करायची, त्याला ते पार पाडण्याची संधी प्रथम मिळाली पाहिजे. म्हणून महाविद्यालयीन ग्रंथालयांत यशाचे मार्ग सांगणाऱ्या पुस्तकांच्या कपाटालगत ‘शेतकऱ्याचा असूड’ व ‘उपरा’ यांना स्थान द्यावे, आणि ही दोन्ही प्रकारची पुस्तके वर्गात एकत्र वाचली जावीत. आपल्या घरातील दारिद्र्याचा इतिहास समजून घेतलेला विद्यार्थी स्वतःच्या श्रमाकडे आणि आईवडिलांच्या श्रमाकडे अधिक आदराने पाहील, यात शंका नाही.