दोन जिवांचे पथ्य



घरातील सून गरोदर राहिली की सगळ्यांचे लक्ष तिच्या ताटाकडे लागते. ‘आता तू दोन जिवांची, दोघांचे खा,’ असे सासूबाई बजावतात. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. झाकलेल्या वाटीतून बर्फी निघते की पेढा, यावर हंशा पिकतो. या प्रेमाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. परंतु गरोदरपणी रक्तातील साखर वाढलेली स्त्री डॉक्टरांनी सांगितलेले पथ्य पाळते की नाही, हे पुष्कळदा या प्रेमावर आणि त्यामागील समजुतींवर ठरते. म्हणून या विकाराचा इतिहास जितका औषधांचा, तितकाच समजुतींचाही आहे.

१८२४ साली बर्लिन येथे हाइनरिख बेनेविट्झ याने वैद्यकाच्या प्रबंधात एका गर्भवतीची हकीकत लिहिली. न शमणारी तहान, लघवीत साखर आणि जन्मताना दगावलेले बारा पौंडांचे मूल! बाळंतपणानंतर मात्र तिच्या लघवीतील साखर नाहीशी झाली. तेव्हा हा मधुमेह गर्भारपणाचेच लक्षण होय, असे त्याने मानले. ‘बाळंत झाली की आपोआप जाईल’ ही आपल्याकडे ऐकू येणारी समजूत एके काळी अशी विद्वानाचीही होती. ती अर्धी खरी आहे, हीच तिच्यातली अडचण. उरलेल्या अर्ध्या भागाकडे पुढे येतो.

इन्शुलिनपूर्वी मधुमेही स्त्रीला गर्भ राहणेच दुर्मिळ. राहिला तर आई आणि मूल या दोघांच्याही जिवाला घोर. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरोंटोत एका मुलाला इन्शुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले आणि काळ पालटला. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. उपचार डॉक्टरांच्या हातून रोग्याच्या हाती आला. बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन मधुमेहाच्या उपचाराला तीन घोड्यांच्या रथाची उपमा देत: आहार, इन्शुलिन आणि व्यायाम. हा रथ रोज हाकायचा कोणी? रोग्यानेच. आणि सारथ्याच्या मनात जे असेल, तिकडेच रथ जाणार!

पुढे कोपनहेगनच्या यर्गन पेडर्सन यांनी गर्भात काय घडते याची उपपत्ती मांडली. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते. इन्शुलिन मात्र जवळजवळ जातच नाही. मग बाळाचे स्वादुपिंड स्वतःच जादा इन्शुलिन तयार करते आणि बाळ नको इतके चरबीने वाढते. म्हणजे ‘बाळ गुटगुटीत, तेव्हा सारे ठीक’ हा समज येथे फसवा ठरतो. आणि ‘इंजेक्शनाने बाळाला अपाय होईल’ ही भीतीही अस्थानी ठरते.

आता ते उरलेले अर्धे सत्य. १९६४ साली बॉस्टनमध्ये जॉन ओ’सलिव्हन आणि क्लेअर महान यांनी ७५२ गर्भवतींच्या चाचण्यांवरून साखरेची मापे ठरविली. त्यांचा रोख होता आईच्या भविष्यावर: यांपैकी कोणाला पुढे कायमचा मधुमेह जडण्याचा संभव आहे? बाळंतपणानंतर साखर उतरते हे खरे. पण ती परत येण्याची वाट पाहून असते.

एवढे ज्ञान हाती असूनही बाई तपासणी का टाळते? याचे उत्तर एका वेगळ्याच रोगाच्या अभ्यासातून मिळाले. क्षयाची तपासणी सहज मिळत असताना लोक येत का नाहीत, असा प्रश्न १९५० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या आरोग्यखात्याला पडला. गॉडफ्रे हॉकबाउम यांनी तीन शहरांतील लोकांना विचारले. ‘मलाही क्षय होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळले तर फायदा आहे’ हे दोन्ही मानणाऱ्यांपैकी ८२ टक्क्यांनी आपणहून छातीचे चित्र काढून घेतले होते. दोन्ही न मानणाऱ्यांपैकी केवळ २१ टक्क्यांनी!

हाच न्याय आपल्या सुनेला लावून पाहा. तिला काहीच दुखत नाही, मग रोग आहे हे तिने का मानावे? मानले तरी वेगळा स्वयंपाक मागायचा कोणत्या तोंडाने? पंगतीत आग्रहाचा लाडू नाकारला तर अपमान कोणाचा? तिला ‘अडाणी’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तिच्या वागण्याला कारण आहे, आणि ते पुष्कळदा आपल्याच घरात आहे.

भारत सरकारने २०१४ साली सुचविलेली चाचणी साधी आहे: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी रक्त द्यायचे, साखर १४० किंवा अधिक भरली तर सावध व्हायचे. पहिल्याच भेटीत ही चाचणी करावी, चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात पुन्हा करावी आणि बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखर परत तपासावी. बारशाच्या गडबडीत ही शेवटची तपासणीच राहून जाते. तेव्हा सूनबाईंबरोबर दवाखान्यात सासूबाईंनीही जावे, मुलानेही जावे, आणि डॉक्टरांनी पथ्य सर्वांदेखत समजावून सांगावे. दोन जिवांचे पथ्य एकटीने पाळायचे नसते. ते साऱ्या घराने पाळायचे असते.