समुद्रात खुंट किती ठोकावेत? उत्तनची डोल आणि दीडशे वर्षांचा कायदा

इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गळ टाकणाऱ्याला परवाना काढावा लागतो आणि त्या परवान्यावर एका वेळी किती काठ्या वापरता येतील, हेही ठरलेले असते. मीरा-भाईंदरच्या पश्चिमेला उत्तन, पाली, चौक या कोळीवाड्यांत हाच प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला. फरक इतकाच, की तेथे मोजायचे असतात ते समुद्रतळात ठोकलेले खुंट.

या किनाऱ्याचे प्रमुख जाळे म्हणजे डोल. लांबलचक, निमुळत्या पिशवीसारखे हे जाळे खुंटांच्या आधाराने भरती-ओहोटीच्या प्रवाहात तोंड उघडे ठेवून बांधले जाते. पाण्याबरोबर वाहत येणारा बोंबील, जवळा, मांदेली, करंदी शेवटच्या बारीक आसाच्या भागात, म्हणजे खोल्यात, साठते. पुढे हीच मासळी वलांडीवर वाळत पडलेली दिसते. खुंट रोवलेल्या जागेला कोळी ‘कव’ म्हणतात.

डोल माशामागे धावत नाही. मासा तिच्याकडे यावा लागतो. साऱ्या भांडणाचे मूळ येथेच आहे. एकाच्या कवीसमोर, प्रवाहाच्या वरच्या अंगाला, दुसऱ्याने डोल लावली तर मागच्याचा खोला रिकामाच वर येणार. त्यासाठी चोरी करावी लागत नाही की कुणाच्या जाळ्याला हात लावावा लागत नाही. मग अन्याय झाला, हे ठरवायचे कसे?

हा पेच १८७६ मध्ये ‘बाबन मायाचा विरुद्ध नागू श्रावूचा’ या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाचा निष्कर्ष आजही वाचण्याजोगा आहे. समुद्रात मासे धरण्याचा हक्क सर्वांचा. तो कोणाची खासगी मालमत्ता नव्हे. मात्र स्थानिक रूढी त्या हक्काचे नियमन करू शकते आणि प्रत्येकाने तो इतरांची वाट न अडवता, वाजवी रीतीने बजावला पाहिजे. दुसऱ्याचा समान हक्क निष्फळ करणारा दाव्याला उत्तर देण्यास बांधील राहतो. कोळीवाड्यांत जे रीत म्हणून पाळले जात होते, त्याला कायद्याच्या भाषेत जागा मिळाली.

पुढे १८९७ चा भारतीय मत्स्य अधिनियम आला. सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यावरील बंदीसाठी तो ओळखला जातो, पण त्याचे सहावे कलम अधिक रोचक आहे. जमिनीत रोवलेली जाळी, जाळ्यांचे आकार व प्रकार आणि ती वापरण्याच्या पद्धती यांविषयी नियम करण्याची मुभा त्याने प्रांतिक सरकारांना दिली. डोलीचे नाव त्यात नाही. तरी रोवलेल्या जाळ्याची ती व्याख्या डोलीला चपखल लागू पडते.

स्वातंत्र्यानंतर इंजिनाच्या होड्या आणि नायलॉनची जाळी आली. वल्ह्या-शिडाने आखलेली अंतराची मर्यादा संपली. वसई-उत्तनकडच्या कवी उत्तरेस पालघर-डहाणूसमोरच्या समुद्रात पोहोचल्या आणि सातपाटी व आसपासच्या, प्रवाहाबरोबर वाहती जाळी सोडणाऱ्या मच्छीमारांशी संघर्ष पेटला. वाहते जाळे खुंटात अडकले की फाटते. दोन्ही बाजूंना कोळीच, दोन्हीकडे पोटाचाच प्रश्न. म्हणूनच या वादात खलनायक शोधणे सोपे नाही.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. तो करताना पारंपरिक मच्छीमारांचे हित, मत्स्यसाठ्याचे जतन आणि समुद्रावरील शांतता हे तिन्ही हेतू समोर होते. विशिष्ट क्षेत्रात किती नौका असाव्यात, कोणती जाळी चालतील, हे ठरवण्याचा अधिकार त्याने राज्य शासनास दिला.

या अधिकाराचा ठळक वापर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशात दिसतो. प्रश्न होता माशांचा थवाच्या थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा. डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर आलेल्या या आदेशाने राज्यातील ४९४ परवाने टप्प्याटप्प्याने २६२ आणि अखेरीस १८२ वर आणण्याचे ठरवले. ‘किती’ या प्रश्नाला इतके नेमके, आकड्यातले उत्तर या किनाऱ्याने क्वचितच पाहिले असेल.

पालघरमधील झाईपासून रायगडमधील मुरूडपर्यंतच्या पट्ट्यात मात्र पर्ससीनला पूर्ण मनाई झाली. उत्तन याच पट्ट्यात येते. तेथील समुद्रासाठी ठरलेला आकडा होता शून्य.