घात, सिद्धी आणि शंभर गुण

महाविद्यालयीन नाट्यस्पर्धेत परीक्षकाच्या हाती पडणारा कागद बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. डावीकडे संघांचे क्रमांक, वर संहिता, दिग्दर्शन, अभिनय, नेपथ्य, प्रकाशयोजना, संगीत असे रकाने आणि शेवटी बेरीज. आमच्या भागातल्या लहानमोठ्या स्पर्धांना मी अनेक वर्षे परीक्षक म्हणून जात आलो आहे. या कागदाकडे मी संशयाने पाहू लागलो, त्याला एक प्रसंग कारणीभूत ठरला.

स्पर्धा संगीत नाटकातल्या प्रवेशांची होती. एका मुलीचा प्रवेश सुरू होता. पेटीवादक आलाच नव्हता. साथीला तबला आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरा. पदाचा अंतरा सुरू असताना वीज गेली. तानपुरा बंद पडला, सभागृहात अंधार झाला, पण मुलगी थांबली नाही. अंधारातच तिने अंतरा पुरा केला. वीज परत आली तेव्हा तानपुऱ्याचा षड्ज आणि तिचा षड्ज यांत अंतर पडले होते. तिने क्षणभर कान दिला आणि पुढच्या समेला ती मूळ स्वरावर परतली. भूमिका तिने क्षणभरही सोडली नाही. मी मात्र ‘गायन’च्या रकान्यात सुरासाठी तीन गुण कापले. दोन गुणांनी तिचे दुसरे बक्षीस हुकले. परीक्षक मी एकटाच होतो, तेव्हा चूक वाटून घ्यायलाही कोणी नव्हते.

परतीच्या एसटीत प्रश्न पडला, की तो दोष नेमका कोणाचा? उत्तर काही वर्षांनी, वेगळेच काही शोधताना, भरताच्या नाट्यशास्त्रात सापडले. माझे संस्कृत घरी बसून शिकलेले आहे. त्यामुळे मनमोहन घोष यांचे इंग्रजी भाषांतर शेजारी ठेवूनच मी मूळ ग्रंथ वाचतो. रस, भाव, अभिनय या अध्यायांवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. सत्ताविसावा अध्याय त्या मानाने उपेक्षित राहिला. त्याचा विषय आहे सिद्धी, म्हणजे प्रयोग यशस्वी झाला की नाही हे कसे ठरवावे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ही परीक्षकांसाठीची नियमावलीच म्हणता येईल.

भरत सिद्धी दोन प्रकारची मानतो, मानुषी आणि दैवी. मानुषी सिद्धीची मोजदाद तो प्रेक्षकांच्या तोंडून आणि अंगावरून करतो. स्मित, अर्धे हसू, मोठे हसू, ‘साधु’, ‘अहो’, करुण प्रसंगी ‘कष्टम्’ असे उद्गार ही वाङ्मयी सिद्धी. अंगावर रोमांच, जागेवरून उठणे, वस्त्र किंवा अंगठी रंगभूमीकडे टाकणे ही शारीरी. दैवी सिद्धी याहून वरची. तिथे आवाज नाही, खळबळ नाही, कुठला उत्पात नाही, आणि प्रेक्षागृह मात्र भरलेले. टाळ्यांपेक्षा भरल्या सभागृहातली शांतता श्रेष्ठ, हे ज्यांनी नाटक केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

यानंतर येतात घात, म्हणजे प्रयोगाला लागणारे धक्के. माझ्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. भरत आधी विचारतो, घात आला कुठून? वारा, आग, पाऊस, हत्तीची वा सापाची भीती, वीज कोसळणे हे दैवी घात. शत्रूकडून येणारे घात वेगळे. प्रतिपक्षाची माणसे मत्सराने किंवा पैसे घेऊन आरडाओरडा करतात, शेण आणि ढेकळे फेकतात, मुंग्या सोडतात. ही यादी वाचताना मला प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या मागच्या रांगा आठवल्या. मुंग्या तेवढ्या आता राहिल्या नाहीत. तिसरे घात नटाचे स्वतःचे, जसे वाक्य विसरणे, दुसऱ्याचे वाक्य बोलणे, न शोभणारी भूमिका घेणे, मुकुट किंवा दागिना गळून पडणे. यादी झाल्यावर भरत स्पष्ट सांगतो, की दैवामुळे किंवा परक्यामुळे झालेले घात जाणकाराने लिहू नयेत. नाट्यातले आणि नटाचे स्वतःचे तेवढेच लिहावेत. त्याच्या हिशेबात आमच्या सभागृहातला तो अंधार नोंदीबाहेर राहिला असता.

परीक्षकांविषयीचा त्याचा विचारही तपशीलवार आहे. तो दहा प्राश्निक सांगतो: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंद जाणणारा, व्याकरण जाणणारा, राजा, धनुर्विद्या जाणणारा, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक. प्रत्येकाने आपापल्या विषयापुरते बोलायचे. अंगाचे सौष्ठव धनुर्धराने पाहायचे, वेशभूषा चित्रकाराने, स्वर आणि ताल गायकाने, शृंगारातला व्यवहार गणिकेने. बसायचे रंगभूमीपासून बारा हातांवर. जोडीला लेखक आणि गणक, म्हणजे लिहिणारा एक आणि मोजणारा एक. आपल्या स्पर्धांतून यातला गणक टिकला, लेखक नाहीसा झाला.

मराठी विद्यार्थी रंगभूमीकडे या नजरेने पाहिले तर काय दिसते? पुण्याचे भरत नाट्य मंदिर १८९४ मध्ये ‘स्टुडंट्स सोशल क्लब’ या नावाने सुरू झाले. ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर येऊन तेव्हा चौदा वर्षे झाली होती. संगीत नाटकाचा त्या काळातला परीक्षक थिएटरात बसलेला असे आणि त्याच्या गुणाचे नाव होते ‘वन्समोअर’. भरताची वाङ्मयी सिद्धीच ती, फक्त शब्द इंग्रजी. पद पुन्हा मागितले जाई, नाटक पहाटेपर्यंत लांबे, आणि यशाची मोजणी सर्वांसमोर होई. स्पर्धेतल्या घड्याळाला वन्समोअर परवडत नाही. त्यामुळे गायक नटाच्या यशाची सर्वांत जुनी मराठी खूण स्पर्धेच्या कागदावर उतरलीच नाही.

त्याच भरत नाट्य मंदिरात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा होते. ती १९६३ साली सुरू झाली. भर संहिता, दिग्दर्शन आणि अभिनयावर. पुढे १९७४ मध्ये फिरोदिया करंडक आला. तिथे एका कथासूत्रात गायन, वादन, नृत्य, चित्र अशा अनेक कला गुंफायच्या असतात. एका स्पर्धेने रकाने कमी केले, दुसरीने वाढवले. दोन्हींतून पिढ्या घडल्या. पण नुसत्या गायकाला अभिनय आणि नुसत्या नटाला स्वर तोलता येत नाही, ही भरताची अडचण दोन्हींकडे उरतेच. संगीत नाटकात तर ती रोजची. पद गाताना मुलगी पात्र म्हणून गाते आहे की मैफलीतली गायिका म्हणून, हे ‘गायन’च्या रकान्यात दिसत नाही आणि ‘अभिनय’च्याही नाही. ते दोन रकान्यांमधल्या रेघेवर असते.

२०२२ मध्ये पुरुषोत्तमच्या पुण्यातल्या अंतिम फेरीत परीक्षकांनी करंडक कोणालाच दिला नाही. त्या पात्रतेचा प्रयोग झाला नाही, असे त्यांचे मत पडले. मोठा वाद झाला. स्पर्धा म्हणजे आलेल्यांत तुलना, मग पहिला कोणीतरी असणारच, असे एका बाजूचे म्हणणे. करंडकाची स्वतःची एक उंची असते, असे दुसरीचे. भरत पहिल्या बाजूला झुकला असता असे मला वाटते. गुण समसमान झाले तर राजाने दोघांनाही पताका द्यावी, इथपर्यंत त्याची तयारी आहे. पूर्ण गुणहीन किंवा पूर्ण निर्दोष असे काही नसते, म्हणून नाट्यातले दोष फार ताणून धरू नयेत, असेही तो सांगतो. तरीही त्या परीक्षकांना मी चूक म्हणणार नाही. विद्यार्थ्यांना खोटे कौतुक देण्यापेक्षा नकार देणे अधिक आदराचे असू शकते. अट एकच, नकारामागे लेखक हवा, नुसता गणक नको. विशीतल्या मुलांनी महिनोन्‌महिने तालमी केलेल्या असतात. कुठे कमी पडलो हे वाक्यांत समजण्याचा त्यांचा हक्क आहे.

आता मी गुणांच्या कागदाखाली एक ओळ स्वतः आखून घेतो आणि तिच्यावर ‘घात’ असे लिहितो. वीज गेली, माईक बंद पडला, मागून हुल्लड झाली, की तिथे नोंद करतो आणि गुणांना हात लावत नाही. प्रत्येक संघासाठी चार वाक्येही लिहून देतो. संयोजक कधी कधी वैतागतात, निकालाला उशीर होतो म्हणतात. होतो, हे खरे आहे.

त्या मुलीचे नाव माझ्या कागदावर नव्हते, फक्त क्रमांक होता: अकरा. अंधारात, तानपुऱ्याशिवाय तिने अंतरा पुरा केला तेव्हा सभागृहात कोणी हलले नव्हते, कोणी खोकलेही नव्हते. भरताने त्याला दैवी सिद्धी म्हटले असते. मी तीन गुण कापले.