घाऊक भावांची कहाणी

महागाई हा शब्द आपल्या तोंडांत इतका रुळला आहे कीं, तिचें माप कोण घेतो, कोठें घेतो आणि कोणासाठीं घेतो, हा विचार सहसा आपल्या मनांत येत नाहीं. ज्वारीचें एकच पोतें घ्या. शेतकऱ्याच्या खळ्यावर त्याची एक किंमत असते, अडत्याच्या गाळ्यांत दुसरी असते आणि किरकोळ दुकानदाराच्या तागडींत तिसरी. अर्थशास्त्रांत या तिहींना उत्पादक किंमत, घाऊक किंमत आणि ग्राहक किंमत अशीं नांवें आहेत. आपल्या देशानें दीर्घ काळ यांपैकीं मधल्या किंमतीलाच मुख्य मानलें. तसें कां झालें, आणि त्यामुळें कोणाचें सुखदुःख सरकारी आंकड्यांत उमटलें व कोणाचें उमटलें नाहीं, याचा थोडासा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

सरकारी संख्याशास्त्र खात्यानें हिंदुस्थानांतील किंमतींची जी जुनी मालिका तयार केली, ती १८६१ पासूनची असून १८७३ हें तिचें पायाभूत वर्ष होतें. पायाभूत वर्ष म्हणजे ज्या वर्षाचा भाव शंभर धरून पुढील चढउतार मोजावयाचा तें वर्ष. या मालिकेंत ज्या मालाची बंदरांतून आयात वा निर्यात होई, त्याच मालाचा भरणा होता. १८६१ सालींच अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, मँचेस्टरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना आणि मुंबईच्या बाजारांत कापसाचा भाव गगनाला भिडला. १८६५ मध्यें युद्ध संपतांच तो कोसळला आणि त्याबरोबर मुंबईच्या कित्येक पेढ्याही बुडाल्या. उत्पादकाच्या मालाची किंमत सातासमुद्रांपलीकडे ठरते, हा धडा वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्यास तेव्हांच मिळाला.

विसाव्या शतकाच्या आरंभीं भाव सतत चढूं लागले, तेव्हां १९१० मध्यें सरकारनें कृष्णलाल दत्त यांच्याकडे त्याची चौकशी सोंपविली. त्यांचा विस्तृत अहवाल १९१४ मध्यें प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनीं मोठे संप केले. कामगाराच्या चुलीचा खर्च किती वाढला, हें मोजल्यावांचून वेतनाचा तंटा मिटणें कठीण आहे, हें त्यांतून उघड झालें. १९२१ मध्यें मुंबईस कामगार कचेरी स्थापन झाली आणि जुलै १९१४ हा पाया धरून ती राहणीच्या खर्चाचा आंकडा दरमहा प्रसिद्ध करूं लागली. व्यापाऱ्यासाठीं बंदराचा भाव मोजला गेला, कामगारासाठीं चुलीचा खर्च मोजला गेला. परंतु खळ्यावरच्या भावासाठीं कोणी संप करूं शकत नव्हतें.

याचा प्रत्यय जागतिक मंदींत आला. कलकत्त्याचा घाऊक किंमतींचा आंकडा, जुलै १९१४ चा भाव शंभर धरून, १९२९ मध्यें १४१ होता. तो १९३३ मध्यें ८७ वर उतरला. नियमित पगार मिळणाऱ्या शहरवासीयाला ही स्वस्ताई वाटली. शेतकऱ्याला मात्र ती गळफांसाप्रमाणें झाली. त्याचा सारा रोख रकमेंत ठरलेला होता आणि सावकाराचें कर्जही रोख रकमेंतच लिहिलेलें होतें. दोन पोतीं विकून जें देणें पूर्वीं फिटत असे, त्यासाठीं आतां तीन आणि कित्येक ठिकाणीं चार पोतीं घालावीं लागलीं. भाव चढण्याप्रमाणेंच भाव पडणें हेंही संकट असूं शकतें. तें कोणाचें, एवढाच काय तो प्रश्न.

दुसऱ्या महायुद्धानें चित्र पालटलें. ब्रिटनच्या युद्धखर्चासाठीं येथें माल खरेदी केला जाई. त्याच्या मोबदल्यांत लंडनमध्यें स्टर्लिंग जमा होई आणि येथें नोटा छापल्या जात. १९३९ मध्यें सुमारें १८० कोटी रुपयांच्या नोटा चलनांत होत्या. १९४५ च्या अखेरीस त्या ११०० कोटींच्या पुढें गेल्या. याच धामधुमींत भारत सरकारच्या आर्थिक सल्लागाराच्या कचेरीनें १० जानेवारी १९४२ रोजीं संपलेल्या आठवड्यापासून घाऊक किंमतींचा निर्देशांक सुरू केला. १९ ऑगस्ट १९३९ रोजीं संपलेला, म्हणजे युद्धापूर्वींचा, आठवडा त्याचा पाया होता आणि त्यांत अवघ्या २३ जिनसा होत्या. १९४५ पर्यंत हा आंकडा २४४ च्या आसपास पोंचला.

परंतु या सरासरीच्या पोटांत काय दडलें होतें? कलकत्त्यास तांदुळाचा घाऊक भाव डिसेंबर १९४२ मध्यें मणास १३-१४ रुपये होता. मे १९४३ मध्यें तो ३० रुपयांवर गेला. शेतमजुराची मजुरी त्या वेगानें वाढली नाहीं. बंगालच्या दुष्काळांत सुमारें ३० लक्ष माणसें दगावलीं असें मानलें जातें. अमर्त्य सेन यांनीं पुढें दाखवून दिलें कीं, ज्यांच्या श्रमाची किंमत धान्याच्या किंमतीमागें पडली, तेच प्रथम मेले. सरासरी खोटी नव्हती. पण सरासरी कोणी खात नाहीं.

स्वातंत्र्यानंतर डिसेंबर १९४७ मध्यें धान्यावरील नियंत्रणें उठविण्यास आरंभ झाला. नोव्हेंबर १९४७ मध्यें ३०२ असलेला निर्देशांक जुलै १९४८ मध्यें ३९० च्या जवळ गेला आणि नियंत्रणें पुन्हां आणावीं लागलीं. पुढें १९५२-५३ हा पाया धरलेल्या मालिकेंत जिनसा ११२ झाल्या. २०११-१२ च्या मालिकेंत त्या ६९७ झाल्या. गांवोगांवच्या किरकोळ दुकानांतून भाव गोळा करण्यापेक्षां मोठ्या बाजारांतील व कारखान्यांतील भाव मिळविणें सोपें व शीघ्र होतें. म्हणून घाऊक आंकडा हाच राष्ट्राच्या महागाईचा आंकडा ठरला, आणि २००९ पर्यंत तो आठवड्याच्या आठवड्यास प्रसिद्ध होई.

१९७२ चा दुष्काळ महाराष्ट्राच्या चांगला स्मरणांत आहे. त्यापाठोपाठ १९७३ च्या अखेरीस खनिज तेल चौपट महाग झालें. १९७४-७५ मध्यें घाऊक किंमती सरासरीनें सुमारें २५ टक्के वाढल्या. मे १९७४ मध्यें रेल्वे कामगारांचा संप झाला. जुलैमध्यें सरकारनें वटहुकूम काढून वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीच्या ठेवींत वळविला. पीक चांगलें येतांच १९७५-७६ मध्यें भाव किंचित् उतरले. विकसनशील देशांत महागाई केवळ नोटांच्या छापखान्यांतून येत नाहीं. ती आभाळांतून आणि तेलाच्या विहिरींतूनही येते, हें या चार वर्षांनीं शिकविलें.

या मधल्या आंकड्याची मर्यादा पुढें फार ठळक झाली. नोव्हेंबर २०१४ पासून मार्च २०१६ पर्यंत, तेल स्वस्त झाल्यामुळें, घाऊक किंमती वर्षामागें वर्ष उतरत होत्या. त्याच काळांत ग्राहक किंमती मात्र ५ टक्क्यांच्या आसपास चढत होत्या. मे २०२२ मध्यें उलट झालें: घाऊक वाढ १५ टक्क्यांवर आणि ग्राहक वाढ ७ टक्के. २०११-१२ च्या घाऊक मालिकेंत कारखानी मालाचा वांटा ६४ टक्के होता. ग्राहकाच्या २०१२ च्या मालिकेंत खाद्यपेयांचा वांटा जवळजवळ ४६ टक्के होता. वजनेंच निराळीं, मग कांटा एकाच ठिकाणीं कसा थांबावा? रिझर्व्ह बँकेनें २०१४ पासून ग्राहक किंमतींना प्रमाण मानलें, आणि २०१६ मध्यें ४ टक्क्यांचें लक्ष्य कायद्यानुसार ठरलें.

राहतां राहिली उत्पादक किंमत. घाऊक निर्देशांकांत रेल्वे, बँका, विमा यांसारख्या सेवांना स्थान नव्हतें. शिवाय कापूस, सूत आणि कापड अशा पायऱ्यांवर एकाच मालाची किंमत पुनःपुन्हां मोजली जाण्याचा दोषही होता. उत्पादक किंमतींचा निर्देशांक कर व व्यापाऱ्याचा नफा वगळून, उत्पादकाच्या हातीं प्रत्यक्ष काय पडतें, तें पाहतो. त्यासाठीं २०१४ मध्यें बी. एन. गोलदार यांच्या अध्यक्षतेखालीं एक कार्यगट नेमला गेला. २०२५ च्या जानेवारींत रमेश चंद यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाकडेही या स्थित्यंतराचा मार्ग आंखण्याचें काम सोंपविण्यांत आलें.

नवें माप येईल तेव्हां तेंही सरासरीच असेल, हें मात्र विसरून चालणार नाहीं. कोणत्याही निर्देशांकाचा आंकडा कानीं पडला कीं, श्रोत्यांनीं एक प्रश्न अवश्य विचारावा: हा भाव खळ्यावरचा, गाळ्यांतला कीं तागडींतला? दोन टोकांमधील अंतर वाढलें असेल तर तें कोणाच्या पदरीं पडलें, याचें उत्तर शोधणें हें शासनाचें जितकें कर्तव्य, तितकेंच जागृत नागरिकाचेंही आहे.